बिलाच्या तळाची ओळ

रविवारी रात्री आमच्याकडे बिलवाचन असतं. जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की बायको चष्मा लावते आणि दुपारच्या खरेदीचा तो हातभर लांब, गुळगुळीत कागद उलगडते. वाचन वरून खाली होत नाही, थेट तळाशी सुरू होतं. तिथे छापलेलं असतं, 'आपली बचत रु. ४१२'. हा आकडा ती खणखणीत आवाजात म्हणते आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघते. इथे मी 'वा!' म्हणायचं असतं. त्या ओळीच्या दोन बोटं वर 'एकूण रु. ३,८६७' असंही काही लिहिलेलं असतं, पण तिकडे बघायची आमच्या घरात रीत नाही.

मागच्या रविवारी मी 'वा' म्हणायला उशीर केला. न्हाणीघरावरचा माळा नुकताच बघून आलो होतो. घरात संडास दोन आणि ते धुवायच्या बाटल्या नऊ. 'दोनावर एक फुकट'चा हा तिसरा महिना. तीन बाटल्या आम्हाला फुकट मिळाल्या हे खरंच आहे. सहा विकत घ्याव्या लागल्या, एवढंच.

"हे चारशे बारा रुपये आहेत कुठे?" मी विचारलं.

"वाचले," बायको म्हणाली.

"ते कळलं. पण आहेत कुठे?"

असले प्रश्न विचारणाऱ्या नवऱ्याकडे डोंबिवलीत कसं बघतात, ते इथे छापता येणार नाही.

तरी विचार करून बघा. ही बचत काढतात कशी? पाकिटावरच्या एमआरपीतून आपण दिलेले पैसे वजा करून. एमआरपी म्हणजे सगळे कर धरून जास्तीत जास्त किती घेता येतील तो आकडा. कायदा दुकानदाराला इतकंच बजावतो की बाबा रे, याच्या वर जाऊ नकोस. आकडा ठरवतो कोण? माल बनवणारी कंपनी. म्हणजे शिडी तिने लावायची, वर तिनेच चढवून बसवायचं, आणि दोन पायऱ्या खाली उतरलो की टाळ्या आपण आपल्याच वाजवायच्या. उद्या शंभराच्या डब्यावर तिने दीडशे छापले आणि तो एकशेवीसला विकला, तर आमच्या बिलवाचनात तीस रुपयांची भर पडेल आणि माझा 'वा' आणखी खणखणीत लागेल. पाकिटावर आता ग्रॅममागे किंमत किती तेही छापावं लागतं. ते छापतात. मुंगीने शाईतून पाय ओढत नेले असावेत, एवढ्या अक्षरात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शांपू, टूथपेस्ट यांच्यावरचा जीएसटी अठरा टक्क्यांवरून पाचवर आला. सरकारने त्याला 'बचत उत्सव' असं नाव दिलं आणि उत्सव म्हटल्यावर आम्ही मागे राहतो काय? वर्षभराची टूथपेस्ट भरून ठेवली. वडील ढीग बघून म्हणाले, "छान." वडिलांना कवळी आहे.

खरी बचत कोण करतं ते बघायचं तर ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये जावं. डी-मार्ट चालवणाऱ्या कंपनीची मुख्य कचेरी तिथे आहे. राधाकिशन दमानींनी २००२ साली पवईत पहिलं दुकान उघडलं आणि तेव्हापासूनचं त्यांचं गणित एखाद्या कोकणी आजीला शोभावं असं आहे. होता होईल तो जागा भाड्याने घ्यायची नाही, स्वतःची घ्यायची. पुरवठादाराचे पैसे महिनोन्महिने लटकवायचे नाहीत, लवकर द्यायचे आणि त्याबद्दल भाव पाडून घ्यायचा. दुकानात झुंबरं नकोत. मार्च २०१७ मध्ये कंपनीचा शेअर २९९ रुपयांना विकायला निघाला (तिथेही तीनशे म्हणवलं नाही) आणि बाजारात आला त्याच दिवशी दुपटीवर गेला. आम्ही त्या वर्षी तिथून एमआरपीपेक्षा अकरा रुपयांनी स्वस्त मिळालेला तूरडाळीचा पुडा आणला आणि आठवडाभर शेजाऱ्यांना सांगत होतो.

पण डाळीवरून आईची आठवण आली, म्हणून जरा मागे जातो.

१९७५ साली बिंदूमाधव जोशींच्या पुढाकाराने मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिची कल्पना साधी होती आणि अजून चालू आहे. शेजारपाजारच्या काही घरांनी मिळून एक संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र भरायची, पंचायतीने माल घाऊक घ्यायचा आणि संघातल्या एका घरी आणून टाकायचा. मधला दुकानदार गायब. डोंबिवलीच्या रामनगरात आमच्या जुन्या इमारतीत असा संघ होता आणि आई त्याची प्रमुख होती. टेम्पो आला की जिन्यातून हाका जायच्या. आमच्या बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरून तिच्यावर साखर, रवा, पोहे, शेंगदाणे, साबणाच्या वड्या असा बाजार मांडला जायचा. तळमजल्यावरच्या काकू तराजूचा काटा धरायच्या आणि पहिल्या मजल्यावरच्या काकू त्या काकूंवर डोळा ठेवायच्या. आम्हा पोरांकडे पिशव्या उघड्या धरायचं काम. सगळ्यांचं वाटून झालं की हमखास साखर पन्नास-साठ ग्रॅम कमी भरायची. सांडलवंड, मुंग्या, पोरांचे फक्के. ती कमी साखर नेहमी आमच्या डब्यात यायची, कारण आई प्रमुख. प्रमुखपदाचा एवढा एकच लाभ मी आमच्या घराण्यात पाहिला.

त्या पद्धतीत पैसे वाचायचे ते घाऊक भावामुळे, असं सगळे सांगतात. मला वाटतं, ते यादीमुळे वाचायचे. यादी महिनाभर आधी भरायची. जे यादीत नाही ते घरात नाही. दहा तारखेला अचानक कोणाला बेसनाचे लाडू आठवले तर पुढच्या महिन्यापर्यंत आठवत बसायचं. पोह्यांच्या गोणीशेजारी कोणी चॉकलेटं टांगून ठेवत नसे, आणि साबणाच्या दोन वड्यांवर प्लॅस्टिकची वाटी फुकट देत नसे. यादी करताना वडील शेजारी बसायचे आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचे, "मागची संपली का?" या प्रश्नाला उत्तर देऊन संडासाच्या नऊ बाटल्या जमवून दाखवाव्यात कोणीही.

आता यादी फोनमध्ये असते आणि दुकानात रेंज नसते.

डाळ-तांदळाचं ठीक आहे, पण लग्नाच्या खरेदीला या पट्ट्यात एकच दिशा, उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जागा दिली, १९४९ साली सी. राजगोपालाचारींच्या हस्ते गावाला नाव मिळालं, आणि तिथल्या माणसांनी छावणीच्या बराकींतून बाजारपेठ उभी केली. मालावर 'मेड इन यूएसए' छापायचं आणि कोणी विचारलंच तर उल्हासनगर सिंधी असोसिएशन असं उत्तर द्यायचं, हा विनोद माझ्याहून वयाने मोठा आहे. विनोद बाजूला ठेवा. ज्या माणसांना सगळं टाकून यावं लागलं त्यांनी आपल्याला, म्हणजे काहीही टाकवत नसलेल्या माणसांना, साठ-सत्तर वर्षं स्वस्तात कपडे पुरवले.

तर साडूंच्या मुलीचं लग्न ठरलं आणि बायको, मेव्हणी आणि मेव्हणीची नणंद अशी तीन जणींची पलटण गजानन मार्केटवर चालून गेली. मी पिशव्या धरायला. पूर्वीचंच काम. दुकानदाराने पांढऱ्या गादीवर लेहंगा उलगडला आणि साडेचार हजार सांगितले. मेव्हणी उठून उभी राहिली. ही चाल असते, जायचं कुठेच नसतं. "ताई, बसा तर खरं. तुमचंच दुकान आहे." नणंद म्हणाली, दोन हजार. दुकानदार हसला, त्याने पोराला थंड आणायला पाठवलं. थंड आलं म्हणजे तहाची बोलणी सुरू झाली. पाऊण तासाने दोन हजार नऊशेवर हात मिळाले. सोळाशे रुपये वाचले! आणि तिथेच, गादीवरून उठण्याआधी, त्या वाचलेल्या सोळाशेत करवलीसाठी घागरा-चोळी घेतली गेली. शिवाय तिच्यावर जास्तीचे सहाशे.

वाचलेला पैसा हे आपल्याकडे वेगळंच चलन आहे. पगाराच्या पैशाला हिशेब असतो, वाचलेल्या पैशाला नसतो. तो त्याच दिवशी, शक्यतो त्याच दुकानात खर्च करावा असा अलिखित नियम आहे, नाहीतर तो नासतो.

त्या दिवशी चौघांचे मिळून बत्तीस तास गेले. ते कोणीही मोजले नाहीत आणि मोजणारही नाही, कारण आमच्या पट्ट्यात तासाला भावच नाही. भाव येणार कुठून? डोंबिवली हीच मुळात एक स्कीम आहे. गिरगावातली, लालबागमधली दहा बाय बाराची खोली सोडून आमच्या आईवडिलांच्या पिढीने इथे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर घेतलं, ते स्वस्त पडलं म्हणून. उरलेली किंमत हप्त्याने फेडायची होती. रोज जाऊन-येऊन अडीच तास लोकल. वर्षाचे तीनशे दिवस धरले आणि नोकरीची तीस वर्षं, तर साडेबावीस हजार तास होतात. दिवसरात्र धरून अडीच वर्षं आणि वर पंचवीस दिवस. एवढा काळ एका हाताने कडी धरून उभं राहिल्यावर, कोथिंबिरीच्या जुडीमागे पाच रुपये कमी म्हणून कोणी वीस मिनिटं चालत गेलं, तर त्याला वेळेचं मोल शिकवायला जाऊ नये. धक्का मारून पुढे जाईल.

वडिलांचं वेगळं. त्यांचं वय एकोणऐंशी. एसटीने २०२२ च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट केला आणि त्याला 'अमृत ज्येष्ठ नागरिक' असं नाव दिलं. उलट रेल्वेने मार्च २०२० मध्ये कोरोनाचं निमित्त करून ज्येष्ठांची सवलत काढली. पुरुषांना चाळीस टक्के होती, बायकांना पन्नास. ती परत आलीच नाही. "एसटीच्या लेखी मी अमृत आहे आणि रेल्वेच्या लेखी चाळिशीतला," असं वडील येईल-जाईल त्याला सांगतात. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आमच्या कुटुंबात पूर्ण तिकिटाचा माणूस मी एकटाच. सहलीचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे खर्चाची बाब म्हणून बघतात.

फुकट एसटी म्हटल्यावर वडील घरात बसेनात. वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे त्यांनी पेपरात वाचून ठेवलेलं होतं. एक दिवस कल्याण डेपोत जाऊन ते वाड्याची एसटी धरून गेले आणि शेतकऱ्याकडून थेट दहा किलो तांदूळ घेऊन आले. किलोमागे बारा रुपये वाचले. म्हणजे एकशेवीस. स्टँडवरून घरापर्यंत रिक्षाला एकशेचाळीस झाले, आणि दुसऱ्या दिवशी अस्थितज्ज्ञांनी कमरेचा पट्टा लिहून दिला. त्याला काय पडले ते मी वडिलांना सांगितलेलं नाही. भात मात्र उत्तम होतो. मोकळा, वास दोन घरं सोडून.

आता साडूंकडे वळतो. त्यांना इतका वेळ ताटकळत ठेवणं बरं नाही, ठाण्याचे आहेत.

ठाणेकरांना फुकटाची गोडी नेमकी कधी लागली हे सांगता येतं. १६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली तिच्यात चारशे जण होते आणि सगळे निमंत्रित. निमंत्रितांकडे कोण तिकीट मागतो? आमच्या कल्याणपर्यंत रूळ पोचले ते १ मे १८५४ ला, तोवर निमंत्रणं संपली होती.

साडू घोडबंदर रोडला राहतात. तिथल्या एका मॉलमध्ये त्यांनी सोडतीची चिठ्ठी भरून पेटीत टाकली. बक्षीस चारचाकी. आठवड्याने फोन आला, "अभिनंदन सर! तुम्हाला चार दिवस-तीन रात्री फुकट लागल्यात." घ्यायला मात्र जोडीने यायचं, एका हॉटेलच्या हॉलमध्ये, फक्त दीड तास. सोबत ओळखीचं आणखी एक जोडपं आणलं तर एक कॅसरोल जादा. आम्ही त्या कॅसरोलचं जोडपं.

हॉलमध्ये गोल टेबलं, फुगे आणि कानठळ्या बसवणारं संगीत. प्रत्येक टेबलाला टाय लावलेला एकेक मुलगा. मुलगा चांगला होता, घामाघूम झालेला. त्याने कोऱ्या कागदावर साडूंना विचारलं, दर वर्षी सुट्टीवर किती खर्च होतो? साडूंनी मेव्हणीसमोर छाती काढून ऐंशी हजार सांगितले. मुलाने महागाई दहा टक्के धरली, वर्षं पंचवीस धरली आणि कागद फिरवून दाखवला. अठ्ठ्याहत्तर लाख! मेव्हणीने पदराने कपाळ पुसलं. "आणि सर, आमचं सभासदत्व पावणेचार लाख. आज, इथे, या टेबलावर, दोन लाख नव्वद हजार. म्हणजे तुमचे पंच्याहत्तर लाख वाचले." तेवढ्यात पलीकडच्या टेबलावर घंटा वाजली, "टेबल नंबर सातवर नव्या परिवाराचं स्वागत!" आणि टाळ्या.

मग तो बायकोकडे वळला. "मॅडम, तुम्ही दर वर्षी सुट्टीला कुठे जाता?"

"गावाला."

"ते नाही, हॉलिडेला."

"तेच ते. दिव्याच्या गाडीने जातो, घर आपलं आहे, फणस झाडाला असतात."

"आणि राहण्याचा खर्च?"

"सासूबाई आल्या की वाढतो. नाहीतर काही नाही."

त्या मुलाने शून्याला पंचवीस वर्षांनी गुणून पाहिलं. मग तो त्याच्या साहेबाला घेऊन आला. साहेबाने बायकोशी दोन मिनिटं बोलून आपली खुर्ची साडूंच्या बाजूला सरकवली.

साडूंनी सही केली. पुढच्या मे महिन्यात खोली मागितली तेव्हा कळलं की मे म्हणजे लाल हंगाम आणि आपलं सभासदत्व निळ्याचं. दिवाळीही लाल. नाताळ जांभळा. निळं म्हणजे काय, तर शाळा चालू असतात आणि पाऊस कोसळत असतो ते. शेवटी ऑगस्टमध्ये दक्षिणेकडच्या एका थंड हवेच्या ठिकाणी तीन रात्री मिळाल्या. पहाटे पाचचं विमान, कारण तेच स्वस्त. त्यासाठी रात्री अडीचला टॅक्सी, आणि ती त्या वेळेला स्वस्त नसते. सामान पंधरा किलो, हातातलं सात. चिवडा न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर तोलून भरला, आणि तरी वजन भरलं म्हणून साडू मुंबईच्या उकाड्यात दोन स्वेटर अंगावर चढवून विमानात बसले. तीन दिवस खिडकीतून धुकं बघितलं. वर सभासदत्वाची वार्षिक देखभाल वेगळी, खोलीत जा नाहीतर जाऊ नका. "पण राहणं फुकट!" साडू अजून सांगतात. कॅसरोल आमच्याकडे आहे. झाकण नीट बसत नाही.

आमचे वडील बँकेत होते. बँकेचं महाबळेश्वरला हॉलिडे होम होतं, भाडं इतकं किरकोळ की पावतीचा कागद त्याहून महाग असावा. जाताना भिंतीवरच्या यादीप्रमाणे भांडी मोजून द्यायची. एकदा चमचे बारांऐवजी अकरा भरले आणि वडिलांनी बाजारात जाऊन तसाच चमचा विकत आणून ठेवला. घरी आलो तर बॅगेत बारावा चमचा. तो अजून आमच्या साखरेच्या डब्यात आहे.

असो. तर यंदा साडूंचा निळा हंगाम जमेना, म्हणून त्यांनी गणपतीला आमच्या गावी, कुडाळला यायचं ठरवलं. आणि कोकण रेल्वेचं तिकीट काढणे हा विषय आला.

पूर्वी आरक्षण एकशेवीस दिवस आधी उघडायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते साठ दिवसांवर आलं. त्यामुळे कोकणी माणसाची झोप चार महिन्यांऐवजी दोनच महिने आधी उडते, ही सुधारणाच म्हणायची. सकाळी आठला खिडकी उघडते. साडेसातपासून आमच्या बाहेरच्या खोलीत वॉररूम. माझा फोन, बायकोचा फोन, मुलीचा लॅपटॉप, आणि साडू घोडबंदरहून व्हिडिओ कॉलवर. आधार जोडणी आदल्या रात्री करून ठेवलेली, कारण आता आधी आधारवाल्यांनाच संधी. सात एकोणसाठला कोणी श्वास घेत नाही. आठ वाजून दोन मिनिटांनी सगळ्यांच्या पडद्यावर चाक फिरत असतं. आठ वाजून चार मिनिटांनी आमच्या तिघांना 'वेटिंग १८७, १९३, २११'. वेटिंगचं तिकीट परत केलं तर माणशी साठ रुपये आणि कर कापून घेतात. म्हणजे आपण बसलो नाही, गाडीने बसवलं नाही, आणि त्याबद्दल साठ रुपये.

पुढच्या वाटा ठरलेल्या आहेत. तत्काळ, म्हणजे आदल्या दिवशी तोच प्रकार पुन्हा. खासगी बस, म्हणजे एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेऊ नये असं २०१८ मध्ये सरकारने ठरवून दिलेलं आहे, आणि गणपतीच्या आठवड्यात तो कागद बहुधा गावाला गेलेला असतो. किंवा होऊ घातलेल्या नगरसेवकाची मोफत बस. भाडं शून्य. फक्त कुडाळपर्यंत त्यांचा हसरा फोटो काचेवर, आणि खालापूरच्या नाश्त्याला त्यांच्या नावाची टोपी. वडील म्हणतात, टोपी सुती असते, भांडी पुसायला बरी.

आम्ही शेवटी दिव्याला जातो. डोंबिवली, कोपर, दिवा. भल्या पहाटे दिव्याच्या फलाटावर बोचकी, पंखे, मखराचे पुठ्ठे आणि एखादा कोपऱ्यात गुंडाळलेला म्हातारा असा कोकणचा अर्धा तालुका बसलेला असतो. सावंतवाडीची गाडी लागते तेव्हा धावणं येतं. ते डोंबिवलीकराला शिकवावं लागत नाही, त्यासाठीच तीस वर्षं तालीम झालेली असते. जागा मिळते. सगळ्यात स्वस्त प्रवास हाच, आणि त्यात काही वाचल्याचं कोणी छापून देत नाही.

साडू दिव्याला यायला तयार नव्हते. ठाण्याचा माणूस, दिव्याला जायचं म्हणजे त्यांच्या मते उलटी गंगा. आणि त्या सकाळी आठ वाजून सहा मिनिटांनी व्हिडिओ कॉलवर आरडाओरडा झाला. त्यांचं झालं! एसीची चार तिकिटं. साडू, मेव्हणी, मुलगा आणि साडूंच्या आई. पक्की. आमच्या खोलीत सगळे फोनवर वाकले.

"यूपीआयने भरले ना?" बायकोने विचारलं. "सुविधा शुल्क कमी लागतं."

"छे, क्रेडिट कार्डाने. पॉइंट मिळतात." किती मिळाले ते त्यांनी चष्मा वर करून बघितलं. अकरा. कार्डाचा वेगळा आकार किती लागला ते मी विचारलं नाही, साडूंचा दिवस होता.

"आणि तो विमा घेतलात ना?" मी म्हटलं. तिकिटासोबत दहा लाखांपर्यंतचा अपघात विमा मिळतो. माणशी पंचेचाळीस पैसे. एक खूण करायची असते.

"तो नको म्हटला," साडू म्हणाले. "उगाच कशाला? चौघांचे एक रुपया ऐंशी पैसे वाचले."

"वा!" बायको म्हणाली.